मान मोडली की श्वास का अडतो? बरगड्या, श्वासपटल आणि कण्याच्या दुखापती

पाठराखीण

दहीहंडी जवळ आली की आमच्या वॉर्डात सगळ्यांच्याच पोटात गोळा येतो. मी फिजिओथेरपिस्ट, मुंबईत असते, आणि कण्याला मार लागलेल्या रुग्णांबरोबरच माझा बराचसा दिवस जातो. गोपाळकाल्याच्या रात्री बातम्यांच्या पट्टीवर जखमी गोविंदांचा आकडा फिरतो आणि दुसऱ्या दिवशी विरून जातो. त्यातल्या बहुतेकांना मुका मार, खरचटणं, फार तर मनगट नाहीतर खांदा. एखाद्याची मात्र मान मोडलेली असते. त्याच्या घरचे पहिला प्रश्न पायांबद्दल विचारतात, "चालेल ना हो तो?" मी त्या वेळी पायांकडे बघतच नसते. पांघरूण बाजूला करून छाती आणि पोट बघत असते.

धडधाकट माणूस आडवा पडून श्वास घेतो तेव्हा छाती आणि पोट एकदमच वर येतात. मान मोडलेल्या या पोराचं पोट वर येतं आणि त्याच क्षणी छाती आत खेचली जाते. नातेवाइकांना वाटतं, पोट हलतंय ना, मग श्वास व्यवस्थित चाललाय. तसं नसतं. का नसतं, ते सांगायला हा धागा काढला.

आधी पिंजरा. बरगड्यांच्या बारा जोड्या. वरच्या सात आपापल्या कूर्चेने थेट छातीच्या मधल्या हाडाला, उरोस्थीला जोडलेल्या. आठवी, नववी, दहावी यांच्या कूर्चा वरच्या बरगडीच्या कूर्चेला जाऊन मिळतात. अकरावी आणि बारावी पुढे कशालाच जोडलेल्या नाहीत, स्नायूंमध्येच संपतात. हे शाळेत सगळ्यांनी वाचलेलं असतं. मागची बाजू कुणी फारशी बघत नाही आणि खरी गंमत तिथेच आहे. प्रत्येक बरगडी मागे मणक्याला सांध्याने जोडलेली असते. बहुतेक बरगड्यांचं टोक तर दोन मणक्यांच्या मधोमध, चकतीच्या कडेला टेकलेलं असतं. म्हणजे आपण दिवसातून वीसेक हजार वेळा श्वास घेतो तेवढ्या वेळा पाठीतले हे छोटे सांधे किंचित फिरतात. छाती आणि पाठ हे दोन वेगळे विभाग फक्त हॉस्पिटलच्या पाट्यांवर असतात.

बरगड्या आडव्या नसतात, मागून पुढे उतरत आलेल्या असतात. त्यामुळे त्या वर उचलल्या की छाती आपोआप रुंदावते. वरच्या बरगड्या हातपंपाच्या दांड्यासारख्या उचलल्या जातात आणि उरोस्थी पुढे येते, खालच्या बादलीच्या कडीसारख्या बाजूने वर येतात. आमच्या पाठ्यपुस्तकांतही याच नावांनी शिकवतात. हे उचलण्याचं काम बरगड्यांमधले स्नायू करतात. पण शांत बसलेलं असताना श्वासाचा मोठा वाटा त्यांचा नसतो. तो श्वासपटलाचा. छाती आणि पोट यांच्यामधला हा घुमटाकार स्नायू आकसला की खाली सरकतो, फुप्फुसांना जागा होते, हवा आत येते. पोटातले अवयव खाली दाबले जातात म्हणून पोट पुढे येतं. श्वास सोडायला शांतपणी काहीच करावं लागत नाही, ताणलेली फुप्फुसं आपणहून मिटतात.

आता मुद्द्याची गोष्ट. श्वासपटल आहे छातीच्या तळाशी, पण त्याची नस येते मानेतून, मज्जारज्जूच्या मानेतल्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या पातळीवरून. गर्भात हा स्नायू मानेजवळच तयार व्हायला लागतो आणि नंतर खाली उतरतो, उतरताना नस बरोबर ओढत नेतो. बरगड्यांमधल्या स्नायूंच्या नसा मात्र छातीच्या पातळीवर निघतात आणि पोटाच्या स्नायूंच्या त्याच्याही खाली.

म्हणून मज्जारज्जू कुठे तुटला त्यावर सगळं. मानेतल्या दुसऱ्या पातळीवर किंवा वर तुटला तर श्वास जागच्या जागी थांबतो, कुणी तोंडाने किंवा फुग्याने श्वास दिला तरच माणूस वाचतो. अभिनेता ख्रिस्तोफर रीव्ह १९९५ मध्ये घोड्यावरून पडला तेव्हा त्याची मान वरच्या दोन मणक्यांपाशी मोडली होती, नंतर तो व्हेंटिलेटरवर राहिला. पाचव्या-सहाव्याच्या आसपास तुटला तर श्वासपटल शाबूत, पण बरगड्या आणि पोट गप्प. श्वासपटल एकटंच खाली ओढतं, वरची छाती सैल पडलेली असते म्हणून ती आत खेचली जाते. तेच ते उलटं चित्र.

विचारा काय विचारायचं ते. फक्त रिपोर्टचे फोटो टाकून 'ऑपरेशन करू का' असं विचारू नका.

काळाचौकीकर

ताई, उत्तम धागा. मी बरीच वर्षं पथकात बेसला उभा राहिलो, आता मुलांचा सराव घेतो. बाहेरच्यांना वाटतं वरचा एक्काच काय तो धोक्यात. थर कोसळतो तेव्हा वरची पोरं खालच्यांच्या अंगावर पडतात, आणि खालच्याला पळायला जागा नसते. एकदा मी असाच ढिगाखाली होतो. काही मोडलं नव्हतं, नाक-तोंड मोकळं होतं, तरी श्वास घेता येत नव्हता. ओरडताही येईना. वरची तीन-चार पोरं उठली आणि एकदम हवा आत आली. हे काय होतं?

बाकी नियमांचं म्हणाल तर २०१४ मध्ये हायकोर्टाने २० फुटांची मर्यादा घातली होती आणि १८ खालच्यांना बंदी केली होती. मग २०१७ मध्ये उंचीची अट गेली, वय १४ वर आलं. हेल्मेट आणि वरच्या मुलाला दोरी, हे आता मोठ्या ठिकाणी दिसतं. गल्लीतल्या हंडीला अजून रामभरोसे.

पाठराखीण

@काळाचौकीकर, नाक मोकळं असून उपयोग नाही, बरगड्या उचलायला जागा लागते. छातीवर वजन आलं की बरगड्या वर येत नाहीत, पोटावर आलं की श्वासपटल खाली जात नाही. हवेचा रस्ता उघडा, भाता बंद. ओरडायलाही आधी हवा आत घ्यावी लागते, म्हणून आवाज निघत नाही. ढिगाखालचा माणूस गप्प आहे म्हणजे बरा आहे असं कधीही धरू नका.

गर्दीत चेंगरून माणसं जातात तीही बहुतेक अशीच, पायाखाली तुडवली जाऊन नव्हे. कित्येकदा उभ्या उभ्या. २०१७ मध्ये एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २३ जणांचा जीव गेला, तिथेही गुदमरणं हेच मोठं कारण होतं. गर्दीत सापडलात तर दोन्ही हात छातीसमोर आडवे घ्या, कोपरं बाहेर. छाती आणि समोरचा माणूस यांच्यात चार बोटं जागा राहिली तरी श्वासाला पुरते. आणि सॅक पोटाशी धरा, पाठीवर नको.

यांत्रिक

मी मेकॅनिकलचा माणूस, त्यामुळे एक शंका. बारा मणक्यांना बरगड्यांचा पिंजरा आहे, म्हणजे तो भाग कडक. त्याच्या वर मान मोकळी, खाली कंबर मोकळी. कडक आणि लवचिक भाग जिथे मिळतात तिथे ताण साठणार, हे आमच्याकडे पहिल्या वर्षाला शिकवतात. कणाही तिथेच मोडतो का?

पाठराखीण

अगदी तिथेच. छातीचा शेवटचा मणका आणि कंबरेचा पहिला, ही जोडी कण्याच्या फ्रॅक्चरची सगळ्यात आवडती जागा. मानेत पाचवा-सहावा, कारण मान तिथे सगळ्यात जास्त वाकते. मधली छाती पिंजऱ्यामुळे वाचते. पण ती मोडायला जबर मार लागतो, आणि तिथे मज्जारज्जूची नळी अरुंद असते. म्हणून छातीच्या मधल्या मणक्यांचं फ्रॅक्चर विरळा, पण झालं तर मज्जारज्जू पुरता जाण्याची शक्यता जास्त.

अजून एक. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. त्याखाली नुसता नसांचा झुबका. नसा मज्जारज्जूपेक्षा चिवट, त्यामुळे कंबरेच्या खालच्या भागात मार बसलेल्यांचे पाय परत येण्याची आशा मानेवाल्यांपेक्षा बरीच जास्त असते.

रानजाई

म्हणजे सिझेरियनच्या वेळी पाठीत देतात ते इंजेक्शन मज्जारज्जूला लागत नाही? माझ्या सासूबाई आयुष्यभर म्हणत आल्या, "त्या सुईनेच पाठ गेली."

भूलवाला

@रानजाई, हे आमचं खातं. सुई कंबरेच्या तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मधून जाते. मज्जारज्जू त्याच्या वरच संपलेला असतो. खाली नसा पाण्यात तरंगत असतात, सुई आली की बाजूला सरकतात. बाळंतपणानंतर पाठ दुखते ती ज्यांना इंजेक्शन दिलेलंच नाही त्यांचीही दुखते. नऊ महिने पोट पुढे, मग रात्रंदिवस वाकून पाजणं. सासूबाईंना नमस्कार सांगा.

पाठराखीण यांच्या मुद्द्याला माझ्याकडचा एक नमुना. कधीकधी भूल अपेक्षेपेक्षा वर चढते आणि बाई घाबरून म्हणते, "डॉक्टर, श्वास येत नाहीये." बरगड्यांचे स्नायू बधिर झालेले असतात, छाती हलल्याची जाणीवच मेंदूला पोचत नाही. श्वासपटल मात्र मानेवर पोसलेलं, ते चालूच असतं. मी तिला माझी दोन बोटं घट्ट दाबायला सांगतो आणि गप्पा मारत राहतो. पकड जोरदार आणि आवाज खणखणीत, तर मी तिला धीर देत बसतो. पकड ढिली पडली आणि आवाज कुजबुजीवर आला तर मात्र मी गप्पा थांबवतो आणि श्वास हातात घेतो.

जाता जाता बरगडीबद्दल. प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला एक खाच असते, त्यात शीर, रोहिणी आणि नस लपून जातात. छातीतलं पाणी काढताना म्हणूनच सुई बरगडीच्या वरच्या कडेला घासून आत घालायची. परीक्षेत हे विचारतात आणि ज्याला येत नाही तो तिथेच गळतो.

गुहागरी

वाचतोय. आमच्याकडे हंडीपेक्षा झाडं जास्त माणसं पाडतात. एप्रिल-मेमध्ये आंबे काढताना, नाहीतर नारळाला चढून. झेला (आंबे काढायची जाळी लावलेली काठी) असला तरी वरच्या फांदीसाठी माणूस चढतोच. गेल्या साली आमच्या वाडीतला एक गडी हापूसच्या झाडावरून सरळ दोन्ही टाचांवर उतरला. शुद्धीवर होता. चौघांनी हातपाय धरून उचलला, रिक्षात बसवला, वळणावळणाच्या रस्त्याने तालुक्याला. तिथे टाचांचा एक्स-रे काढला, प्लास्टर घातलं, घरी पाठवला. कंबर दुखते म्हणाला तर 'पडल्यावर दुखणारच' असं उत्तर. चार दिवसांनी रत्नागिरीत कळलं की कंबरेचा पहिला मणका चेपलाय. नशीब, पाय शाबूत राहिले.

पाठराखीण

@गुहागरी, उंचावरून टाचांवर पडलेल्या माणसाचा कणा तपासायचाच असतो. धक्का टाचेतून, पायातून, कमरेतून वर जातो आणि यांत्रिक यांनी सांगितलेल्या जागेवर जाऊन फुटतो. टाच इतकी दुखत असते की माणूस कंबर विसरतो, म्हणून विचारणाऱ्यानेच विचारायला हवं. त्याने सांगूनही ऐकलं नाही, हे वाईट झालं.

आता ते हातपाय धरून उचलणं. एकाने काखेत, एकाने पायाला धरलं की माणूस मध्ये झोळीसारखा लोंबतो. चेपलेला मणका त्याच क्षणी मागे सरकून मज्जारज्जूवर चढू शकतो. पडताना चालणारे पाय उचलताना गेले, असं घडतं. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

जागा धोक्याची नसेल, म्हणजे आग, पाणी, रस्त्यावरची वाहनं यांपैकी काही नसेल, तर हलवू नका. १०८ ला फोन. एकाने डोक्याशी गुडघ्यावर बसायचं आणि दोन्ही तळहातांनी डोकं दोन्ही कानांच्या बाजूंनी धरून ठेवायचं, नाक आणि बेंबी एका रेषेत. मान वाकडी असेल आणि सरळ करताना दुखतंय म्हणाला किंवा अडतंय असं वाटलं, तर आहे तशीच धरा. हे धरणाऱ्याने मदत येईपर्यंत जागा सोडायची नाही. पाणी पाजू नका. उठवून बसवू नका. "हात हलव, पाय हलव, इथे स्पर्श कळतो का" एवढं विचारा आणि उत्तरं लक्षात ठेवा, आम्हाला त्याचा फार उपयोग होतो.

हलवावंच लागलं, किंवा उलटी झाली आणि कुशीवर करावं लागलं, तर एक माणूस डोक्याशी आणि निदान तिघे एका बाजूला. खांदा, कंबर, मांडी, पोटरी धरायची. डोक्याशी असलेल्याने एक-दोन-तीन म्हणायचं आणि सगळं अंग एकदम, अखंड वळवायचं. हुकूम एकाचाच. इथे प्रत्येकाला आपलं मत असतं आणि तिथेच घोळ होतो. आणि श्वास थांबला असेल तर मानेच्या भीतीने हात बांधून बसू नका. आधी श्वास, मग मान.

काळाचौकीकर

हुकूम एकाचाच, हे आमच्या पोरांना लगेच कळेल. थर लावतानाही शिट्टी एकाचीच असते.

कुमुदिनी

माझा प्रश्न साधा आहे, थरबिर काही नाही. आई ७४ वर्षांची. गादी उचलायला वाकली आणि पाठीत कट्कन झालं. मणका चेपलाय म्हणाले. कुठे पडली नाही, आपटली नाही. आणि गेल्या काही वर्षांत ती बुटकी होत चाललीय, पोक आलंय, दोन घास खाल्ले की पोट भरतं आणि जिना चढताना धाप लागते. हृदयाच्या तपासण्या ठीक आहेत.

पाठराखीण

कुमुदिनीताई, हे फार घरांत आहे आणि 'वय झालं' म्हणून सोडून दिलं जातं. हाडं ठिसूळ झाली की मणका पुढच्या बाजूने दबतो, पाचरीच्या आकाराचा होतो. असे दोन-तीन मणके दबले की पाठ पुढे वाकते. उंची तिथे जाते. आता वरचा पिंजरा आठवा. पाठ वाकली की बरगड्या एकमेकींवर येतात, खालच्या तर कमरेच्या हाडापर्यंत टेकायला लागतात. श्वासाला जागा कमी, म्हणून धाप. जठराला जागा कमी, म्हणून दोन घासांत पोट भरतं. तरीही धाप लागण्याची बाकीची कारणं डॉक्टरांकडून एकदा तपासून घ्या, फक्त हृदयावर थांबू नका.

हाडांच्या घनतेची तपासणी झालीय का? नसेल तर करा, कारण एक मणका दबला की दुसरा दबण्याची शक्यता वाढते आणि त्यावर चांगली औषधं आहेत. ड जीवनसत्त्व बघा. वाकून उचलणं बंद, गुडघ्यात वाकायचं. आणि पलंगावर पडून राहू देऊ नका, दुखणं आटोक्यात आलं की चालवा. झोपून राहिलं की हाडं आणखी विरतात, छातीत कफ साठतो तो वेगळाच. रात्रीचं दुखणं, ताप, वजन उतरणं यांतलं काही असेल तर वेगळा विचार लागतो. आपल्याकडे मणक्याचा क्षयही पुष्कळ, तो पाठदुखी म्हणून महिनोन् महिने फिरत राहतो.

चौकस

माझ्याकडे एक फॉरवर्ड आलाय, रोज कपालभाती केल्यावर फुप्फुसं दुप्पट मोठी होतात आणि बरगड्या पोलादी. खरं किती?

भूलवाला

पोलादी बरगड्या झाल्या तर श्वासच घेता येणार नाही. लवचिक आहेत म्हणून तर चाललंय. :)

पाठराखीण

मोठ्या माणसाची फुप्फुसं व्यायामाने वाढत नाहीत. श्वासाचे स्नायू मात्र तयार होतात, दमसास वाढतो. कपालभातीत नेहमीचा क्रम उलटा असतो. एरवी श्वास घेणं कष्टाचं आणि सोडणं फुकट. कपालभातीत पोटाचे स्नायू झटका देऊन हवा बाहेर टाकतात आणि श्वास आपोआप आत येतो. पोटाच्या स्नायूंना चांगला व्यायाम. पण कुमुदिनीताईंच्या आईंना ताज्या फ्रॅक्चरवर हे झटके नकोत. सावकाश, खोल, खालच्या बरगड्या बाजूने फुलवणारा श्वास चालेल. दोन्ही हात बरगड्यांवर ठेवून बोटं एकमेकांपासून दूर जातात का ते बघायचं.

चाकावरचा

बरेच दिवस नुसता वाचक होतो, आज लिहितो. मानेचा पाचवा-सहावा. दहीहंडी नाही, झाड नाही. मे महिना, मामाची विहीर, काठावरून सूर. दरवर्षी मारायचो. त्या वर्षी पाणी खाली गेलं होतं आणि गाळ वर आला होता, एवढंच. पाण्यात तोंड खाली आणि हातपाय माझं ऐकेनात. मामेभावाने उताणा केला म्हणून आज टाइप करतोय (मनगटाला बांधलेल्या काडीने).

श्वासाबद्दल पाठराखीण यांनी पुस्तकातलं सांगितलं, मी आतून सांगतो. पहिली गोष्ट, खोकता येत नाही. खोकला घशाचा वाटतो, असतो पोटाचा. पोटाचे स्नायू गेले की जो आवाज निघतो तो घसा खाकरल्याएवढा. साधी सर्दी झाली की घरात सगळे दक्ष. बायको बरगड्यांच्या खाली दोन्ही तळवे ठेवते, मी श्वास घेतो, 'आता' म्हणतो आणि ती आत आणि वर दाबते. तेव्हा कफ सुटतो. दोघांचा ठेका जमायला वेळ लागला. आता ती भाजीला फोडणी देता देता येऊन खोकवून जाते.

दुसरी, लोकांना खोटी वाटते. मला बसल्यावर श्वास कमी पडतो आणि आडवं झाल्यावर बरा येतो. दम्याच्या माणसाच्या नेमकं उलटं. बसलो की पोटातलं सगळं पुढे लोंबतं, श्वासपटल आधीच खाली सपाट होऊन बसतं, मग आणखी कुठे खाली जाणार? म्हणून खुर्चीत बसताना पोटाला रुंद पट्टा बांधतो. पट्टा बांधल्यावर फोनवर आवाजही मोठा होतो.

तिसरी, आणि ही लिहायलाच आलोय. एका दुपारी डोकं फुटेल असं दुखायला लागलं. चेहरा लाल, कपाळावर घामाच्या धारा, खाली अंग गार. जवळच्या दवाखान्यात नेलं. डोकेदुखीची गोळी देऊन मला आडवं झोपवायला निघाले होते. बायको अडून बसली, तिला खडकीत एका जुन्या फौजीने सांगून ठेवलं होतं. तिने मला ताठ बसवलं, पाय खाली सोडले, पट्टा-कपडे सैल केले आणि लघवीची नळी तपासली. मांडीखाली दुमडली होती. सोडवली, पिशवी भरली, काही मिनिटांत डोकं उतरलं. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याच्या वर ज्यांचा मज्जारज्जू गेलाय त्यांना हे होऊ शकतं. रक्तदाब भयानक चढतो. तुंबलेली लघवी, अडकलेली शी, घट्ट बूट, काहीही निमित्त पुरतं. कारण सापडलं नाही किंवा उतरलं नाही तर तडक हॉस्पिटल.

पाठराखीण

@चाकावरचा, हे मी प्रत्येक घरच्यांना कागदावर लिहून देते, आता तुमचा प्रतिसादच छापून देईन, चालेल ना? फक्त पोट दाबून खोकवणं कुणीही व्हिडिओ बघून सुरू करू नका. बरगड्या मोडलेल्या असतील किंवा नुकतंच ऑपरेशन झालं असेल तर ते अंगाशी येतं. शिकून घ्या.

गुहागरी

खडकी म्हणजे फौजेचं केंद्र ना? मुरलीकांत पेटकर तिथलेच का?

चाकावरचा

खडकीचं पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र १९७४ चं, जायबंदी जवानांसाठी. पेटकर त्याआधीचे. सांगलीकडचे, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्ण. भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्ण. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं, त्यावर काय बोलायचं. साध्या नागरिकांसाठी मुंबईत हाजीअलीची केंद्र सरकारची संस्था आहे, १९५५ पासूनची. मला व्हीलचेअरवर नीट बसायला तिथे शिकवलं.

सुरपेटी

अवांतर, पण विचारते. मागच्या महिन्यात बाथरूममध्ये घसरून डाव्या बाजूची बरगडी मोडली. एक्स-रेत काही दिसलं नाही, पण बोट ठेवलं तरी जीव जातो. शेजारच्या काकांनी छातीला घट्ट पट्टा बांधायला सांगितलं. गायला बसते तेव्हा खालचा षड्जही लागत नाही.

भूलवाला

पट्टा सोडा! पूर्वी बांधायचे, आता नाही. पट्ट्याने बरगड्या हलत नाहीत म्हणून दुखणं कमी वाटतं, पण फुप्फुसाचा खालचा भाग फुलत नाही, कफ साठतो, न्यूमोनिया होतो. दुखणं गोळ्यांनी मारायचं आणि श्वास खोल घ्यायचा, हा सौदा आहे. खोकताना उशी छातीशी घट्ट धरा. साध्या एक्स-रेत बरगडीची चीर बऱ्याचदा दिसत नाही, आणि दिसली तरी उपचार तोच. हाड जुळायला सहाएक आठवडे.

एक विचारतो, किती खाली दुखतंय? डावीकडे नवव्या-दहाव्या बरगडीच्या आड प्लीहा असते, उजवीकडे यकृत. पडल्यावर चक्कर, डाव्या खांद्यात दुखणं, पोट फुगणं असं काही झालं होतं का? आता महिना झालाय म्हणजे बहुधा नाही, पण दुसरं कुणी वाचत असेल तर ध्यानात ठेवा. तसंच एकाच बाजूच्या तीन-चार लागोपाठच्या बरगड्या दोन-दोन जागी मोडल्या की मधला तुकडा सुटा होतो आणि श्वास घेताना आत जातो. तिथे घरगुती काही नाही, सरळ आयसीयू.

सुरपेटी

नाही, त्यातलं काही नव्हतं. पट्टा काढला. खालचा सा लागला, पण 'आई गं' सकट.

यांत्रिक

सगळ्यांचे आभार. वाचनखूण साठवली आहे.

काळाचौकीकर

@पाठराखीण, एक विनंती. पुढच्या रविवारी संध्याकाळी आमच्या पथकाचा सराव आहे, मैदानात. तासभर येऊन ते डोकं धरणं आणि एकत्र वळवणं प्रत्यक्ष दाखवाल का? पंचाहत्तर-ऐंशी पोरं असतील. स्ट्रेचर आहे आमच्याकडे, कापडी.

पाठराखीण

येते. कापडी स्ट्रेचर मध्ये खचतं, मान-पाठीच्या मारासाठी ते नको. माणसाएवढी लांब, न वाकणारी, सपाट फळी आणि चार रुंद पट्टे मिळवा. मानेचा कडक पट्टा मी आणते. शिट्टीवाल्याला पुढे उभं करा, डोक्याशी त्यालाच बसवणार आहे. आणि ज्याच्यावर दाखवायचं तो मुलगा सगळ्यात जड निवडा. हलक्यावर सगळ्यांनाच जमतं.

काळाचौकीकर

बेसचा बंड्या आहे, ९८ किलो. सांगतो त्याला.